मुंगीच्या पाण्याचा रंग

३ फेब्रुवारी

ही वही बाबांची. ते वसाहतीच्या पाण्याच्या टाकीवर कामाला होते आणि रोज शेवटच्या नळाचं पाणी तपासून आकडा लिहीत. अकरा पानं त्यांच्या हातची आहेत, पुढची कोरी राहिली. आजपासून ती माझी. मी नववीत शाळा सोडली, पण माझं ऱ्हस्व-दीर्घ चुकत नाही. ही वही एक दिवस चार लोकांसमोर वाचली जाणार आहे, म्हणून खाडाखोडही करणार नाही.

हकीकत अशी आहे. ताईची मुलगी चार वर्षांची. साखरेच्या डब्यापाशी सापडते म्हणून आम्ही तिला मुंगी म्हणतो. पंधरा दिवस झाले, आंघोळ झाली की तिचं अंग लाल होतं आणि ती रडेपर्यंत खाजवते. आज बालवाडीच्या बाईंनी तिला दारातूनच परत पाठवलं. "बरं वाटलं की आणा, बाकीच्या आया विचारतात," म्हणाल्या. मुंगीने दप्तर पाठीवरून काढलंच नाही. जेवली तीही दप्तर लावूनच.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कातडी नाजूक आहे, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन सोसत नाही. त्यांनी चार गोष्टी लिहून दिल्या. पाणी उघडं ठेवून मग वापरायचं. आंघोळ कोमट पाण्याने आणि झटपट. अंग ओलसर असतानाच मलम. कपडे स्वच्छ, नीट खळबळलेले.

माळ्यावरून बाबांची तपासणीची पेटी काढली आणि शोभेच्या माशांच्या दुकानातून नवीन थेंब आणले. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, पाच थेंब टाकायचे, आणि येईल तो पिवळा रंग पेटीवरच्या पाच छटांशी ताडून पाहायचा. एक म्हणजे जेमतेम रंग, पाच म्हणजे नारिंगी. बाबांचा नियम होता, शेवटच्या नळाला दोन. त्याहून जास्त झालं तर स्वतः जाऊन कमी करीत. त्याहून कमी झालं तर रोगराई येईल म्हणून जेवायला बसत नसत.

शेवटचा नळ म्हणजे आमचाच. आज त्याला चार आहे.

टाकीवर आता जो आहे त्याला सगळी वसाहत दादा म्हणते. मी टाकीवाला म्हणणार. बाबा गेल्यावर ती जागा मला मिळायची होती, पण दहावी पासची अट निघाली आणि हा आला. त्याचा या प्रकरणाशी काही संबंध नाही. नोंद म्हणून लिहिलं.

४ फेब्रुवारी

लॉन्ड्रीत कामावर जाण्याआधी टाकीवर गेलो. टाकीवाला स्टुलावर बसून नळाच्या तोटीला दोरा गुंडाळत होता. शेजारी दोन बायका बादल्या घेऊन उभ्या होत्या.

मी म्हटलं, "शेवटच्या नळाला चार येतंय."

"माहितीये. मीच केलंय," तो मान वर न करता म्हणाला. "शाळेमागची जलवाहिनी फुटलीये. आत गटाराचं पाणी शिरायची भीती. दुरुस्ती होईस्तोवर चारच राहणार."

"माझ्या भाचीचं अंग सोलून निघतंय."

आता त्याने वर पाहिलं. "मग तिचं पाणी एक दिवस उघड्या घमेल्यात ठेव. उन्हात ठेवलंस तर लवकर उतरेल. आणि ही पेटी तुझ्या बाबांची ना? मग त्यांच्यासारखी वाच. छटा उन्हात धरून बघत नाहीत, सावलीत बघतात."

बायका हसल्या. एक म्हणाली, "लॉन्ड्रीवाल्याने आता पाण्याला इस्त्री करायचं मनावर घेतलंय." दुसरीला हसता हसता ठसका लागला.

घरी येऊन सावलीत पाहिलं. चारच. मला ते त्याला तोंडावर सांगता आलं नाही, याचा जास्त राग आला.

याचा सूड घेईन. हे शांत डोक्याने लिहितो आहे. त्याला त्या स्टुलावरून उठवीन आणि त्या दोन बायकांना ते बघायला लावीन.

६ फेब्रुवारी

मुंगीच्या पाण्याची व्यवस्था पक्की केली. दोन पसरट घमेली, वर पातळ फडकं, गॅलरीत. सकाळी भरताना चार, दुसऱ्या दिवशी दुपारी एक. घाई असेल तेव्हा एका बादलीतून दुसऱ्या बादलीत उंचावरून चाळीस वेळा ओततो. त्यानेही उतरतं, पण थोडंच. मोरीच्या नळाला कोळशाची गाळणी बसवली. तिच्यातून येणारं पाणी दीडच्या आसपास भरतं.

ताई म्हणाली, "गॅलरीत पाय ठेवायला जागा नाही. कपडे कुठे वाळत घालू, तुझ्या डोक्यावर?"

"तिचे कपडे मी बघतो," मी म्हटलं.

कपड्यांचं असं ठरवलं. मुंगीचे बनियन, चड्ड्या आणि टॉवेल मी लॉन्ड्रीत नेतो. घरचा साबण कसला काय स्वच्छ करणार. हॉटेलच्या चादरी पांढऱ्याशुभ्र करायची जी पावडर आमच्याकडे असते, तिच्या दोन मुठी टाकून वेगळ्या टबात भिजवतो. एकही जंतू उरत नाही. त्यानंतर तीनदा खळबळायचं, असा मालकांचा नियम आहे. पण लॉन्ड्रीचं पाणीही त्याच टाकीचं. ते विष तिच्या कपड्यांत तीन तीनदा कशाला मुरवायचं? मी एकदाच खळबळतो, पिळतो आणि दमट असतानाच इस्त्री करतो. इस्त्री फिरली की वाफेला क्लोरीनचा वास येतो. एकदा खळबळून हा वास, तर तीनदा खळबळून काय झालं असतं?

९ फेब्रुवारी

टाकीवाल्याचा गणवेश धुवायला आला. वसाहतीच्या सगळ्या नोकरांचे येतात. निळा शर्ट, खिशावर टाकीचं चित्र. बाबांचाही असाच होता.

आधी वरून दुसरं बटण एका धाग्यावर आणून ठेवलं. मग समाधान झालं नाही. शर्टाचा रंग उडावा म्हणून तो पावडरीत टाकला. दोन मुठी, एकदा खळबळला, पिळून दमट असतानाच इस्त्री. खांद्यावर आणि पाठीवर पांढरे डाग उठले आहेत, चुना उडाल्यासारखे. घडी अशी घातली की पिशवीतून काढताना दिसणार नाहीत.

हे काम बरोबर नाही, हे मला माहीत आहे. तरी इतकी छान झोप बऱ्याच दिवसांत लागली नव्हती.

१२ फेब्रुवारी

मुंगीचं बरं होण्याऐवजी वाढतंय. मानेभोवती, काखेत आणि कमरेला चड्डीच्या इलॅस्टिकखाली लाल पट्टे. तळहात, तोंड आणि पावलं मात्र स्वच्छ. पाणी तर सगळीकडे लागतं. डॉक्टरीणबाईंना विचारायला हवं.

आज बनियन घालताना ती पळाली.

"मामा, नको. यात मुंग्या आहेत."

"तूच तर मुंगी."

"मी नाही चावत. या चावतात."

उलटा करून, झटकून दाखवला. एकही मुंगी नव्हती. मग तिने मुकाट्याने हात वर केले. ताई दारातून बघत होती. म्हणाली, "तुझ्या कपड्यांना दवाखान्यासारखा वास येतो रे."

"पाण्याचा आहे तो," मी म्हटलं, "तुझ्या लाडक्या दादांच्या."

"माझे कसले लाडके? तुझंच त्यांच्याशिवाय पान हलत नाही हल्ली."

१५ फेब्रुवारी

जलवाहिनी दुरुस्त झाली. आज शेवटच्या नळाला दोन. तीनदा पाहिलं, सावलीत. बरोबर दोन.

मला वाईट वाटलं, हे प्रामाणिकपणे लिहून ठेवतो. उद्या वसाहतीची सभा आहे आणि टाकीवाल्याविरुद्धचा माझा अर्ज पहिल्या क्रमांकावर आहे. म्हटलं, आजचा आकडा वाचायचा नाही. तारखेनुसार चार, चार, चार वाचत जायचं आणि चौदा तारखेला थांबायचं. हे खोटं बोलणं होत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

जिंकलो.

सेक्रेटरींनी मला उभं केलं. मी वही उघडली आणि एकेक तारीख वाचली. मुंगीला ताईच्या मांडीवरून उचललं आणि तिची मान सगळ्यांना दाखवली. मुंगीने तोंड माझ्या खांद्यात लपवलं. त्या दोन बायका पुढच्याच रांगेत होत्या. कोणी हसलं नाही.

टाकीवाला डागांचा शर्ट घालून आला होता. दुसरं बटण गायब. आणि त्याच्या मानेभोवती कॉलर जिथे टेकते तिथे लालभडक पट्टा, तो सारखा खाजवत होता. बघून मला आतून उकळ्या फुटल्या. त्याचंच पाणी त्याच्या अंगाला लागलं. मी तेही बोलून दाखवलं: "बघा, यांनाही सोसत नाही." सगळे त्याच्या मानेकडे बघायला लागले.

त्याने जलवाहिनीचं सांगितलं, पण लहान मुलीची मान बघितल्यावर कोण ऐकतंय? सेक्रेटरींनी त्याला टाकीवरून कमी केलं. तूर्त बागेच्या माळ्याने सांभाळायचं आणि कॅनमधलं क्लोरीनचं द्रावण निम्म्याने कमी टाकायचं.

टाकीवाला उठला. म्हणाला, "मला काढा, हरकत नाही. पण निम्मं करू नका. यांच्या बाबांना विचारलं असतं तर त्यांनीही हेच सांगितलं असतं."

बाबांचं नाव काढायची त्याला काय गरज होती?

सभा संपल्यावर सेक्रेटरी मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुझ्यासारखा बारकाईने बघणारा माणूस पाहिजे. अटीचं मी बघतो. चोवीस तारखेपासून ये." आणि टाकीखोलीची जोड-किल्ली माझ्या हातात ठेवली. तिला अजून बाबांनी बांधलेला तांबडा दोरा आहे.

१९ फेब्रुवारी

शेवटच्या नळाला रंगच नाही. दहा थेंब टाकले तरी नाही.

आणि मुंगीच्या मानेची कातडी फुटली. सकाळी उशीला रक्ताचे ठिपके होते. तिला टॉवेलमध्ये गुंडाळलं तर किंचाळली.

ताईला मी नळी दाखवली. "हे बघ, क्लोरीन शून्य आहे."

"मग हे काय आहे?" तिने मुंगीची मान माझ्यापुढे धरली. "दादांना घालवलंस. आता कोणाला घालवतोस? डॉक्टरीणबाईंना? की मला? सांग म्हणजे मी पिशवी भरून ठेवते."

मी नळी धुऊन पेटीत ठेवली. आता ती प्यायचं पाणी उकळते. खालच्या मजल्यावर दोघांची पोटं बिघडली आहेत, म्हणाली. बाहेरचं काही खाल्लं असेल.

कोणीतरी आहे. या मुलीला कोणीतरी त्रास देतं आहे आणि मी त्याला शोधून काढणार. तो कोणीही असो, टाकीवाल्याला सोडलं तसं स्वस्तात सोडणार नाही.

२१ फेब्रुवारी

सकाळी घरातली एकेक वस्तू तपासली. घमेल्यातलं पाणी: रंग नाही. गाळणीचं: नाही. साबण विरघळवून: नाही. मलम: नाही. ताईच्या हातांना लावायचं क्रीमसुद्धा बघितलं. ती म्हणाली, "माझंही नाक धुऊन बघ." मी हसलो नाही.

लॉन्ड्रीत गेलो तर मालक टाकीवाल्याचा गणवेशाचा शर्ट हातात घेऊन उभे.

"हा कोणी धुतला?"

"मी."

"डाग पडले ते सोड. त्याच्या मानेला पुरळ उठलंय. पावडर अंगाला लागली की असंच होतं, चामडं जळतं. किती वेळा खळबळलास?"

मी म्हटलं, "एकदा."

"तीनदा का सांगतो मी? मला पाणी उडवायची हौस आहे? अरे, क्लोरीन आहे ते, टाकीत टाकतात त्याच्या शंभरपट जहाल."

पुढे ते काय बोलले ते ऐकलं नाही.

घरी आलो. मुंगीचा इस्त्री केलेला बनियन काढला. उतरवलेल्या पाण्यात, ज्यात रंग शून्य होता, त्यात भिजवला. पिळलेलं पाणी नळीत घेतलं. पाच थेंब.

पाचच्या पुढे पेटीवर छटा नाही. ही पुढची होती.

२२ फेब्रुवारी

मी शोधत होतो तो सापडला आहे.

आज सकाळभर मी काय विचार करत होतो तेही लिहितो. कपडे गुपचूप नीट खळबळायचे. मुंगी आठ दिवसांत बरी होईल. सगळे म्हणतील, टाकीवाला गेला आणि पोरगी बरी झाली. चोवीस तारखेला मी किल्ली घेऊन टाकीवर जाईन आणि लगेच आकडा दोनवर आणीन. कोणाचं काही बिघडणार नाही. फक्त टाकीवाल्याचं, आणि त्याचं बिघडावं हे तर मला हवंच होतं. किल्ली मुठीत धरून मी हा विचार इतका वेळ केला की दोऱ्याचा तांबडा रंग तळहाताला लागला.

मग या वहीत मागे गेलो. सहा तारीख: दोन मुठी, एकदाच, दमट असतानाच इस्त्री. नऊ तारीख: तेच. एक मी मायेने लिहिलं होतं आणि एक सूड म्हणून, आणि दोन्हीत कृती एकच. बारा तारखेला तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं आणि मी तिला बनियन झटकून दाखवला.

कोणीही असो, स्वस्तात सोडणार नाही, असं मीच लिहिलं आहे.

ताईला सांगितलं. आधी तिला कळलंच नाही. कळल्यावर तिने हातातला टॉवेल माझ्या तोंडावर मारला, मग तोच उचलून हुंगला आणि रडायला लागली. रडता रडता म्हणाली, "गाढवा, मुंग्या चावतात म्हणाली होती ना पोरगी." थोड्या वेळाने म्हणाली, "किल्ली ठेवून घेणार असशील तर माझ्याशी बोलू नकोस."

संध्याकाळी अर्ज लिहिला. तसाच कागद, तसाच मायना, तशाच तारखा. चौदा तारखेला थांबलो नाही. पंधरा तारखेचे दोन, एकोणीसचं शून्य आणि बनियनचं पाचच्या पुढचं, सगळं लिहिलं. तक्रार कोणाविरुद्ध, या ओळीत माझं नाव घातलं. टाकीवाल्याविरुद्ध लिहिताना अक्षर जितकं वळणदार आलं होतं तितकंच येईल असं पाहिलं.

२३ फेब्रुवारी

अर्ज आधी सेक्रेटरींना दिला. वाचून म्हणाले, "हे द्यायलाच पाहिजे का? प्रकरण मिटलंय." मी म्हटलं, नळाला रंग नाही, मिटलेलं नाही. आणि किल्ली टेबलावर ठेवली. ती ठेवताना काय झालं ते लिहिणार नाही.

मग प्रत घेऊन टाकीवाल्याच्या घरी. दार त्यानेच उघडलं. गळ्याला ओलं फडकं गुंडाळलं होतं. उभ्या उभ्याच दोन्ही पानं वाचली, मागची बाजूही पाहिली.

"शुद्धलेखन चांगलं आहे," म्हणाला.

त्याने पानांची घडी घातली.

"माझा शर्टही चुकूनच असा धुतलास?"

"तुमचा मुद्दाम," मी म्हटलं. "तिचा चुकून."

त्याने गळ्याचं फडकं काढून मुठीत धरलं. मला वाटलं, आता मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं, फिटंफाट झाली असती. पण तो म्हणाला, "नळाला किती येतंय सध्या?"

"शून्य. एकोणीसपासून."

"आणि हे तू आज सांगतोस." त्याने चपला पायात सरकवल्या. दारातून बाहेर पडताना म्हणाला, "पोरीचे जुने कपडे चार पाण्यांतून काढ. नळाच्या पाण्यातून. त्या पाण्याने काही होत नाही तिच्या कपड्यांना. आंघोळीचं मात्र घमेल्यातलंच ठेव, ते तू बरोबर करत होतास."

मी बरोबर करत होतो, हेही त्यानेच सांगायचं.

३ मार्च

परवा सभा झाली. माझा अर्ज मीच वाचला. त्या दोन बायकांपैकी एक हसली, तिला हसू दिलं. टाकीवाला पुन्हा स्टुलावर आहे. लॉन्ड्रीत मालकांनी पावडरीच्या डब्याला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या कमरेला.

मुंगीच्या मानेवर आता फक्त फिकट रेघ उरली आहे. आज तिला बालवाडीत घेतलं. बनियन घालताना तिने तो आधी हुंगला, मग आतून-बाहेरून नीट पाहिला, मग मला म्हणाली, "गेल्या सगळ्या." गॅलरीतली घमेली तशीच आहेत, ताई आता त्यांना ओलांडून जाते.

टाकीवाल्याच्या नव्या शर्टाला दुसरं बटण दुहेरी दोऱ्याने पक्कं केलं. शर्ट चारदा खळबळला. शेवटच्या पिळ्याचं पाणी तपासलं.

त्याला मी माफ केलेलं नाही. उन्हात छटा बघू नकोस असं तो चारचौघांत म्हणाला होता, आणि ते बरोबर होतं. पाणी घमेल्यात ठेव म्हणाला, तेही बरोबर होतं. निम्मं करू नका म्हणाला, तेही. एखाद्या माणसाचं इतकं बरोबर असेल तर त्याच्यावर डूख धरणं फार कठीण जातं, पण मी चिकाटीचा आहे. रोज शेवटच्या नळाचं पाणी बघणार. ज्या दिवशी त्याचं चुकेल त्या दिवशी मी त्याच्या दारात असेन.

शेवटचा नळ, सकाळी, सावलीत: दोन.